तीसातल्या दहाच का उरल्या?

दादा, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. औशाजवळच्या गावात राहता. जानेवारीत महिन्याभराची तीस पिल्लं आणली, निम्मी गावरान, निम्मी गिरिराज ही सुधारित जात. आता जून संपत आला आणि दहाच उरल्यात. चार आणल्या आणल्या थंडीत गेली. पाच मे महिन्यात भर दुपारी मेल्या. पेरणी झाल्यावर शेजाऱ्याची कुरकुर नको म्हणून दिवसाही कोंडून ठेवल्या, तर एका संध्याकाळी शेतातून येऊन बघता तो सहा कोंबड्या मान चावलेल्या, तिथंच पडलेल्या. आणि या पंधरवड्यात पाच हिरवट हगून, मान वाकडी करून गेल्या. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या पाण्यातून देताय, फरक नाही. कोणतं औषध देऊ, की हे सगळं सोडून कडकनाथ आणू, असं विचारलंय.

मी केज तालुक्यातली. लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे २००३ पासून, दारात कोंबड्या आहेत. कधी साठ, कधी बाराच. सात-आठ वर्षांपासून गावात पशुसखी म्हणून लसीकरण करते, त्यामुळं स्वतःच्या खुराड्यापेक्षा दुसऱ्यांच्या खुराड्यात जास्त डोकावणं होतं. मी डॉक्टर नाही. जिथं डॉक्टरच लागतो तिथं तसं सांगेन.

तुम्ही औषध विचारलंय, पण तुमच्या वीस कोंबड्या एका कारणानं मेलेल्या नाहीत. थंडी, ऊन, जनावर आणि रोग अशी चार कारणं आहेत. पहिल्या तिघांवर बाटलीतलं काही चालत नाही, आणि चौथ्याला लस आहे पण औषध नाही. म्हणजे आतापर्यंत गोळ्यांवर घातलेले पैसे जाळीवर आणि सावलीवर घातले असते तर निदान अकरा कोंबड्या आज दारात असत्या. हे तुम्हाला दुखवायला म्हणत नाही. मी ज्या ज्या घरी जाते तिथं पहिला प्रश्न औषधाचाच असतो, आणि उत्तर बहुतेक वेळा खुराड्यात सापडतं.

कोंबडी मेली की उकिरड्यावर टाकायच्या आधी पाच मिनिटं तिच्याजवळ बसा. कितीच्या सुमारास मेली, अंगावर जखम कुठं आहे, शेपटीखाली काय चिकटलंय, गळ्याखालची पिशवी भरलेली आहे की रिकामी. तुमच्या सहा कोंबड्यांचंच बघा. दिवसा मेल्या, मानेला चावे, आणि मेलेल्या तिथंच पडून. हे बहुधा मुंगसाचं काम. मुंगूस दिवसा हिंडतं, आणि कोंडलेल्या जागेत फडफड सुरू झाली की एकीवर थांबत नाही. रात्रीतून एकच कोंबडी गायब आणि बाहेर थोडी पिसं, तर मांजर किंवा रानमांजर. दार किंवा जाळी मोडून सगळ्या फाडून टाकलेल्या, तर कुत्री. अंडी किंवा पिल्लं नाहीशी आणि काहीच खूण नाही, तर साप. पिल्लं रोज एक-दोन कमी होतात आणि कोपऱ्यात उकरलेली माती दिसते, तर घूस. अंगणातून उचललं तर घार किंवा शिक्रा, आणि अगदी लहान पिल्लू असेल तर कावळासुद्धा. मारणारा कोण हे कळल्याशिवाय केलेला बंदोबस्त चुकीच्या बाजूला होतो. माझ्या एका शेजारणीनं घारीसाठी वर जाळं टाकलं, आणि पिल्लं नेत होती घूस.

मुंगसासाठी विष किंवा फासा लावायचा विचार असेल तर तो सोडा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे, आणि विष खाऊन मेलेल्या उंदराला उद्या तुमचीच कोंबडी टोचून खाईल.

आता तुमच्या शेडबद्दल. आठ बाय सहाचं, वर पत्रा, चारही बाजूंना षटकोनी जाळी, खाली उघडी जमीन, असं लिहिलंय. याच्यात बरंचसं ठीक आहे, पाडून नवं बांधायची गरज नाही. पण सुरुवात जमिनीपासून करावी लागेल. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. भेगेतून उंदीर येतो आणि उंदरामागं साप. पावसाळ्यात तीच माती फुगून चिखल होते, महिनोन् महिने ओली राहते. ओल म्हणजे पिल्लांना रक्ती हगवण, मोठ्यांना सर्दी, आणि सगळ्यांच्या पोटात जंत. म्हणून शेडची आतली जमीन आजूबाजूपेक्षा एक फूट वर आली पाहिजे. एक-दीड ब्रास मुरूम, पाणी मारून धुम्मसानं चोपलेला, शेडच्या बाहेरही दोन-तीन फूट उतार देऊन. हे काम पाऊस उघडला की लगेच करा. त्यासाठी दिवाळीची वाट बघू नका.

षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. उंदीर आणि लहान साप तिच्या भोकातून येतात, कुत्रं ती दातानं ओढून फाडतं, आणि मुंगूस तिच्याखालून उकरतं. सगळी जाळी बदलायला लई खर्च येतो, ते मला माहीत आहे. खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंची वेल्डमेश लावा, वरची जुनीच राहू द्या. आणि ही वेल्डमेश जमिनीत सरळ पुरू नका. तिची कड बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट आडवी पसरा आणि वर मुरूम व दगड टाका. उकरणारं जनावर भिंतीला नाक लावूनच उकरतं, दीड फूट मागं सरकून सुरुवात करावी हे त्याला सुचत नाही. वेल्डमेश पुरली नाही तर जुन्या शहाबादी फरशीचे तुकडे शेडच्या कडेनं बसवा. लातूर भागात कुणाच्या ना कुणाच्या परसात ते पडलेले असतातच. दाराला नुसता तारेचा आकडा नको, कडी-कोयंडा हवा, आणि दाराखालची फट दोन बोटांपेक्षा जास्त नको.

आत बसायला दांडे करा. कोंबडी रात्री उंचावर बसायला बघते, जमिनीवर बसली की तिची छाती ओल्या विष्ठेत राहते. दोन इंच जाडीचं गोल लाकूड, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, प्रत्येकीला आठ इंच जागा. सगळे दांडे एकाच उंचीवर ठेवा, नाहीतर वरच्या जागेसाठी रोज मारामारी होते. आणि जाळीपासून फूटभर आत घ्या. माझ्याकडं पूर्वी दांडा जाळीला चिकटून होता, तेव्हा रात्री बोक्यानं बाहेरूनच पंजा घालून एका कोंबडीचा पाय ओढला होता. अंड्यासाठी चार-पाच कोंबड्यांमागं एक खोकं, फूटभर लांबी-रुंदीचं, अंधाऱ्या कोपऱ्यात.

तुमच्या शेडची जागा अठ्ठेचाळीस चौरस फूट होते. दिवसाही काही वेळ कोंडाव्या लागणार असतील तर एका मोठ्या कोंबडीला दोन चौरस फूट धरा, म्हणजे चोवीस. नुसत्या रात्रीसाठी तीस बसतील, पण मे महिन्यात मी वीसच्या पुढं जाणार नाही.

खाली अंथरायला सोयाबीनची गुळी किंवा भुईमुगाची टरफलं तीन इंच टाका. आठवड्यातून एकदा खालीवर करा, पावसाळ्यात थोडा विरलेला चुना मिसळा. सकाळी दार उघडल्यावर तुमचे डोळे चुरचुरले तर कोंबड्यांनी रात्रभर तेच नाकातून ओढलंय असं समजा. हिवाळ्यात लोक चारही बाजूंनी प्लॅस्टिक गच्च बांधतात, त्यानं सर्दी कमी न होता वाढते. छताखालचा एक फूट बाराही महिने उघडा हवा.

आणि या सगळ्याबरोबर एक सवय. दिवस मावळायच्या आत कोंबड्या मोजून कोंडायच्या. संध्याकाळचं दाणं नेहमी शेडच्या आतच टाका, आठ दिवसांत त्या आपणहून आत येतात.

उन्हाचा भाग तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण तो दर वर्षी येणार. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान एकेचाळीस-बेचाळीस अंश असतं, आणि उष्णता बाहेर टाकायचा तिचा मुख्य मार्ग म्हणजे चोच उघडून धापा टाकणं. बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस झालं आणि वर साडेचार फुटांवर तापलेला पत्रा असला की तिला उष्णता टाकायला जागाच उरत नाही. तुमच्या पाच कोंबड्या दुपारी मेल्या आणि अंगावर काही खूण नव्हती, ते हेच. पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या कोंबड्या अंड्यावर असतील, तेव्हा अंडी पातळ कवचाची येतात का, लक्ष ठेवा. सतत धापा टाकल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच तयार व्हायला जे लागतं तेच कमी पडतं. पातळ अंडं ही उन्हाची पहिली सूचना असते. लोक त्या वेळी कॅल्शियमची बाटली आणतात आणि सावली करायची राहून जाते.

पत्र्यावर पाचट किंवा तुराट्यांचा सहा इंचांचा थर घाला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून जुनी जाळी टाकून बांधा. ते जमत नसेल तर निदान पत्र्याला चुन्याचा पांढरा हात द्या. दोन्ही केलंत तर उत्तम. पुढं कधी शेड वाढवलंत तर लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळचं आणि संध्याकाळचं तिरपं ऊन रुंद बाजूनं आत घुसत नाही. दक्षिणेला आणि पश्चिमेला आत्ताच शेवगा लावा, पावसावर लागला की दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत सावली देतो आणि पाला कोंबड्या खातात.

उन्हाळ्यात दाणं सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. दुपारी नको. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती काही तास टिकते, म्हणून दहा वाजता भरपेट खाल्लेली कोंबडी दोन वाजता आतून आणि बाहेरून दोन्हीकडून तापते. मेलेलीच्या गळ्याखालची पिशवी बघा म्हटलं, ते यासाठी. पाणी मातीच्या परळात, सावलीत, दिवसातून तीन वेळा बदलून. जाळीला ओली गोणपाटं लावली तर आपल्या कोरड्या उन्हात चांगला गारवा येतो, पण दोन बाजूंनाच लावा, वारा बंद करू नका. पाऊस पडायच्या आधीच्या दमट दिवसांत मात्र गोणपाटं काढून ठेवा, तेव्हा ओल्यानं उलट कोंदटपणा वाढतो. एखादी कोंबडी पंख पसरून लोळलीच तर तिचे पाय आणि तुरा साध्या गार पाण्यानं भिजवा, सावलीत ठेवा, चोचीत थेंब थेंब पाणी सोडा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

किती कोंबड्या पाळाव्यात हे मी घरातल्या मे महिन्याच्या पाण्यावरून ठरवते. एका कोंबडीला एरवी पाव लिटर पाणी पुरतं, उन्हाळ्यात अर्धा लिटर लागतं, शिवाय भांडी धुणं आणि गोणपाटं भिजवणं. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या २०१६ च्या उन्हाळ्यात मी मार्चमध्येच कोंबड्या विकून पंधरावर आणल्या. तुमच्याकडं बोअर मेपर्यंत चालतो की नाही, दिवसा घरी कुणी असतं की नाही, शेजारचं शेत किती लांब आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. या तीन गोष्टींवर तुमचा आकडा ठरेल.

आता ती शेवटची पाच. हिरवट हगवण, धापा, मान पिळवटणं, पाय लुळे पडणं, ही मानमोडीची लक्षणं आहेत. हिलाच राणीखेत म्हणतात, उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून. तुम्ही ओघात एक वाक्य लिहिलंय की आठवडी बाजारातून दोन कोंबडे आणले आणि त्याच दिवशी शेडमध्ये सोडले. त्यानंतर साधारण आठवड्यानं पहिली कोंबडी पडली. हा विषाणू अंगात शिरल्यावर बहुधा पाच-सहा दिवसांत दिसतो, म्हणजे हिशोब जुळतो. बाजारात दहा गावच्या कोंबड्या एका डालग्यात असतात. त्यात भर म्हणजे घरात एक-दोन मेल्या की लोक उरलेल्या घाईघाईनं बाजारात नेतात. मी स्वतः २०११ च्या आखाडात एक देखणा कोंबडा असाच आणला होता. सव्वीसपैकी एकोणीस कोंबड्या दोन आठवड्यांत गेल्या. तेव्हापासून माझ्याकडं बाहेरचं कोणतंही पाखरू एकवीस दिवस घराच्या दुसऱ्या टोकाला डालग्याखाली राहतं. त्याची भांडी वेगळी, आणि त्याला दाणं-पाणी शेवटी, आपल्या कोंबड्यांचं करून झाल्यावर. आता आखाड लागतोय, बाजार भरभरून चालेल. या महिन्यात काहीही विकत घेऊ नका.

टेट्रासायक्लिन जिवाणूंवर चालतं, विषाणूवर चालत नाही. त्यामुळं फरक पडला नाही. गोळ्या थांबवा. उगाच दिलेलं प्रतिजैविक अंड्यांत उतरतं आणि ती अंडी घरची पोरं खातात.

मानमोडीला रोखते ती लस, आणि तीही ठरल्या दिवशी दिलेली. पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या सौम्य लसीचा, एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. उबवणी केंद्रातून आणलेली पिल्लं असतील तर चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो या पिल्लांच्या रोगाची लस. अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा परत. सहा-सात आठवड्यांची झाली की देवीची लस, पंखाच्या पातळ पडद्यात टोचून. आठव्या ते दहाव्या आठवड्यात आर-टू-बी, म्हणजे मानमोडीचीच जास्त जोराची लस, पंखाखाली इंजेक्शन. पुढं दर सहा महिन्यांनी मानमोडीची परत. दोन लसींमध्ये निदान आठ-दहा दिवस जाऊ द्या, आणि आजारी कोंबडीला टोचू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात तुमच्या भागाचं वेळापत्रक थोडं मागंपुढं असेल तर त्यांचं ऐका. तुमची पिल्लं महिन्याची होती, म्हणजे आधीच्या दोन-तीन लसी विकणाऱ्यानं दिल्या की नाही हे विचारायला हवं होतं. पुढच्या वेळी हाच पहिला प्रश्न विचारा, भाव नंतर.

लस वाया जाते ती बहुतेक वेळा रस्त्यात. ती दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे. थर्मासमध्ये बर्फ घालून आणा, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी द्या, आणि पावडर विरघळवल्यावर दोन तासांत संपवा. शंभर डोसांची कुपी दहा कोंबड्यांसाठी परवडत नाही म्हणून लोक टाळतात. आम्ही वाडीतली नऊ-दहा घरं एकच तारीख ठरवतो, एक कुपी आणतो आणि सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी घरोघर फिरून संपवतो. शेजारच्या घरातही लस झाली की तुमच्या घराला दुहेरी कुंपण पडतं. लस देताना हात डोळ्याला लावू नका, त्यानं माणसाचे डोळे लाल होतात. काम झालं की साबणानं हात धुवा.

मानमोडी आणि बर्ड फ्लू वरून सारखे दिसू शकतात, हेही ध्यानात ठेवा. परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात जानेवारी २०२१ मध्ये कोंबड्यांत आणि उदगीरमध्ये जानेवारी २०२५ मध्ये कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला होता तो आपल्याच भागात. एक-दोन दिवसांत कोंबड्या धडाधड मरायला लागल्या, तुरे निळे-काळे पडले, किंवा गावात कावळे-बगळे मेलेले दिसले तर मेलेल्यांना उघड्या हातानं शिवू नका, कापून बघू नका, विकू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा किंवा १९६२ ला फोन करा. तुमच्याकडं पंधरवड्यात पाच गेल्या, त्यामुळं मला तसं वाटत नाही, पण खात्री डॉक्टरच करतील. उद्या परत एखादी मेली तर ती ताजी असतानाच कळवा.

थंडीत गेलेल्या चार पिल्लांबद्दल थोडक्यात. महिन्याच्या पिल्लालाही जानेवारीच्या रात्री ऊब लागते, त्याला अजून पुरती पिसं आलेली नसतात. पिल्लामागं दोन वॉट असा बल्बचा हिशोब धरा, पण बघायचं पिल्लांकडं. बल्बखाली ढीग करून चिवचिवत असतील तर गार पडतंय, कडेला पळून चोच उघडत असतील तर जास्त होतंय, सगळीकडं सारखी पसरून झोपली असतील तर बरोबर आहे. भारनियमनाच्या रात्री खोक्याला गोधडी आणि आत कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, तो धूर पिल्लांना आणि माणसांना दोघांनाही मारतो.

खाण्याचं तुम्ही विचारलं नाही, तरी आपल्या भागातली एक चूक सांगते. घरात सोयाबीन असतं म्हणून लोक कच्चं सोयाबीन टाकतात. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, खाऊनही कोंबडी खंगते. चांगलं भाजून भरडा, किंवा सोयाबीनची पेंड द्या. ज्वारी, बाजरी, मक्याचा भरडा यांत थोडी पेंड मिसळून, मोकळी हिंडणाऱ्या कोंबडीला दिवसाला मूठभर, चाळीस-पन्नास ग्रॅम. पूर्ण कोंडलेलीला शंभर-सव्वाशे लागतं. बुरशी आलेला मका किंवा पेंड कितीही थोडी असली तरी फेकून द्या. अंड्यावरच्या कोंबड्यांना शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, त्या लागेल तेवढा खातात. पेरणीच्या दिवसांत कोंबड्या कोंडल्यात ते योग्यच केलंत. औषध लावलेलं लाल-गुलाबी बियाणं उकरून खाल्लं तर विषबाधा होते. फक्त कोंडायची जागा मजबूत नव्हती.

एकदा रात्री दहाला बॅटरी घेऊन शेडमध्ये जा आणि दांड्यांची टोकं, लाकडाच्या फटी, खोक्यांचे कोपरे बघा. कोंबडीची गोचीड दिवसा फटीत लपते आणि रात्री रक्त पिते, म्हणून दिवसा कोंबडी बघून काही कळत नाही. तुरा पांढरा पडत चालला आणि अंडी कमी झाली की मी आधी फटी बघते. सापडल्या तर फटी बुजवा, सगळ्याला चुना मारा, फवारणीचं औषध डॉक्टरांना विचारून. अंगणात कोरडी राख आणि वाळूचा एक खड्डा ठेवा, त्यात लोळून त्या उवा-पिसवा बऱ्याच झटकतात. जंताचं औषध तीन महिन्यांनी, तेही डॉक्टरांकडून.

कडकनाथ आणू का? मरत नाही असं जे सांगतात ते विकणारे असतात. मध्य प्रदेशातल्या झाबुआचा हा काटक पक्षी आहे, ऊन इतरांपेक्षा बरं सोसतो, पण मानमोडी त्यालाही होते आणि मुंगूस रंग बघत नाही. तुम्ही नवखे आहात आणि दारात मोकळ्या सोडणार आहात, तर माझं मत गावरानच्या बाजूनं. वर्षाला साठ-सत्तरच अंडी देते, पण घार दिसली की झुडपात पळते, खुडूक बसते आणि पिल्लं स्वतः सांभाळते. गिरिराज अंडी जास्त देते, वजनही भरते, पण जड असल्यानं पळायला मंद, आणि खुडूक फारशी बसत नाही. अगदी पांढऱ्या कोंबड्या घेऊ नका, त्या लांबून उठून दिसतात.

त्या दहा कोंबड्यांचं आता काय करायचं? बरी झालेली कोंबडीही काही आठवडे विषाणू टाकत राहते, म्हणून शेवटच्या मृत्यूपासून दीड-दोन महिने नवीन एकही पाखरू आणू नका आणि यांतलं एकही विकू नका. जुनं अंथरूण खड्ड्यात पुरून वर चुना टाका, भांडी उन्हात वाळवा, शेडला आतून चुना मारा. लागोपाठ पंधरा दिवस एकही आजारी पडली नाही की डॉक्टरांना विचारून आधी लासोटा द्या आणि तीन-चार आठवड्यांनी आर-टू-बी. आधी काहीच लस न झालेल्या कोंबडीला थेट आर-टू-बी टोचली तर तिला जोरात त्रास होऊ शकतो.

गौरी-गणपतीनंतर त्यातली एखादी गावरान खुडूक झाली तर तिला उठवू नका. घमेल्यात राख आणि वर भुसकट घाला, आठवड्याच्या आतली दहा-बारा अंडी संध्याकाळी अंधार पडल्यावर तिच्याखाली सरकवा, आणि वेल्डमेश लावलेल्या कोपऱ्यात तिला डालग्याखाली बसवा. रोज एकदा दाणं-पाण्यासाठी उठू द्या. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतील. त्याच दिवशी लसीच्या सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाच्या तारखा शेडच्या दारावर खडूनं लिहून ठेवा, आणि शेजारच्या घरांना त्या सांगून या.